डिस्लेक्सिया आणि वाचन शिकवणारे सॉफ्टवेअर: पैसे भरण्याआधी थोडे

आपल्या घरांतून मुलांच्या अभ्यासाकडे किती लक्ष दिले जाते, हे वेगळे सांगायला नको. त्यामुळे गणितात चांगले, बोलण्यात चुणचुणीत असलेले दुसरी-तिसरीतले मूल इंग्रजी वाचताना सारखे अडखळू लागले, की सगळे घर अस्वस्थ होते. आईला वाटते लक्ष देत नाही. बाबा म्हणतात आयपॅड बंद करा. उन्हाळ्यात भारतातून आलेल्या आजोबांच्या मते पोरगा आळशी आहे. मग कधीतरी शाळेतून ‘डिस्लेक्सिया’ हा शब्द कानावर येतो, रात्री जागून इंटरनेटवर शोध सुरू होतो, आणि काही आठवड्यांत वाचन सुधारून देण्याची हमी देणारे एखादे सॉफ्टवेअर समोर येते. किंमत बरीच असते, पण मुलासाठी म्हणून आपण क्रेडिट कार्ड काढतो.

प्रस्तुत लेखक व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनियर आहे, डॉक्टर किंवा शिक्षक नाही. तेव्हा निदान करणे हा या लेखाचा हेतू नाही. पण एखादा प्रोग्रॅम काय करू शकतो आणि काय करू शकत नाही, एवढे सांगता येईल. थोडक्यात सांगायचे, तर सॉफ्टवेअर ही सरावाची उत्तम वही आहे. तिला शिक्षक समजून पैसे मोजले, तर पैशांपेक्षाही मोठे नुकसान होते ते मुलाच्या वर्ष-दोन वर्षांचे.

डिस्लेक्सिया म्हणजे काय?

१८९६ साली डब्ल्यू. प्रिंगल मॉर्गन या इंग्लिश डॉक्टरांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये पर्सी नावाच्या १४ वर्षांच्या मुलाची हकिकत लिहिली. तीन आकडी संख्यांचा गुणाकार त्याला सहज जमे, पण साधेसाधे शब्द वाचता येत नसत. सर्व शिक्षण तोंडी असते तर हाच शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असे त्याच्या शिक्षकांचे मत होते. आजही डिस्लेक्सियाचे चित्र बरेचसे असेच आहे. बुद्धीत कमतरता नसते, शिकवणीही मिळालेली असते, तरी छापील शब्द उलगडत नाही.

पूर्वी हा दोष डोळ्यांचा मानत. आता बहुतेक तज्ज्ञांचे मत असे आहे, की मुख्य अडचण बोललेल्या शब्दातले ध्वनी सुटे करण्यात आणि ते अक्षरांशी जोडण्यात असते. ‘कॅट’ या शब्दात तीन ध्वनी आहेत, हे बहुतेक मुलांना थोड्या सरावाने कळते. डिस्लेक्सिया असलेल्या मुलाला तो शब्द एकच गोळा वाटतो. ‘बी’ आणि ‘डी’ उलटे लिहिणे हे तर वाचायला नुकतेच शिकणाऱ्या बहुतेक मुलांत दिसते, तेवढ्यावरून निष्कर्ष काढू नये. रंगीत चष्मे आणि डोळ्यांचे व्यायाम यांनी डिस्लेक्सिया सुधारतो याला पुरावा नाही, असे अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडिअॅट्रिक्सने नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांबरोबर २००९ साली जाहीर केले. मुलाची नजर जरूर तपासून घ्यावी, पण त्या चष्म्याकडून वाचन शिकवण्याची अपेक्षा ठेवू नये.

डिस्लेक्सिया घराण्यात चालतो. ‘मलाही लहानपणी वाचायचा कंटाळा होता’ असे सहज म्हणणाऱ्या बाबांनी किंवा काकांनी ही गोष्ट तपासणाऱ्या तज्ज्ञांना अवश्य सांगावी. आणि हा फक्त मुलग्यांचा प्रश्न नव्हे. मुली वर्गात गडबड करत नाहीत, म्हणून त्यांच्याकडे उशिरा लक्ष जाते.

‘मराठी वाचतो, मग इंग्रजी का नाही?’

हा प्रश्न आपल्याच घरांत विचारला जातो. मंडळाच्या मराठी शाळेत मूल हळूहळू का होईना ‘कमळ’, ‘बदक’ वाचते आणि इंग्रजीत मात्र अडते. यावरून ते टाळाटाळ करते आहे, असा अर्थ काढणे अन्यायाचे होईल.

देवनागरीत चिन्ह आणि उच्चार यांचे नाते बरेच सरळ आहे. ‘क’ कुठेही आला तरी ‘क’च. इंग्रजीत एकच ‘सी’ कधी ‘क’ होतो तर कधी ‘स’, आणि ‘थ्रू’, ‘दो’, ‘रफ’ या तीन शब्दांच्या शेवटी तीच चार अक्षरे तीन तऱ्हांनी उच्चारली जातात. टाएको वायडेल आणि ब्रायन बटरवर्थ यांनी १९९९ साली जपानमध्ये वाढलेल्या १६ वर्षांच्या एका मुलाची माहिती प्रसिद्ध केली. त्याचे आईवडील इंग्रजी बोलणारे होते. तो जपानी उत्तम वाचत असे, पण इंग्रजी वाचनात त्याला स्पष्ट डिस्लेक्सिया होता. २००१ साली ‘सायन्स’मध्ये आलेल्या एका अभ्यासात इटालियन, फ्रेंच आणि इंग्रजी वाचकांची तुलना केली होती. डिस्लेक्सिया असलेले इटालियन वाचक इतरांपेक्षा बरे वाचत, कारण त्यांची लिपी सरळ. मेंदूच्या चित्रांत मात्र तिन्ही गटांत सारखाच फरक दिसला. म्हणजे मूळ अडचण तीच असते, आणि भाषा जितकी वाकडी तितकी ती जास्त उघडी पडते.

अर्थात मराठीही अगदी सोपी नाही. ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी येते आणि तिचा उच्चार नंतर. जोडाक्षरे आणि रफार आहेतच. ‘जग’ म्हणजे दुनिया की ‘जगणे’ मधला ‘जग’, हे वाचूनच ओळखावे लागते. हरियाणातील मानेसरच्या नॅशनल ब्रेन रिसर्च सेंटरने २०१५ साली ‘डाली’ ही डिस्लेक्सियाची चाचणी तयार केली, ती हिंदी, कन्नड व इंग्रजीबरोबर मराठीतही आहे. भारतात परत जायचा विचार असलेल्या कुटुंबांनी हे लक्षात ठेवावे. मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन १९९६ पासून काम करते आहे, आणि भारताच्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन-अक्षमतेचा स्पष्ट समावेश आहे.

इथेच एक महत्त्वाची सूचना. ‘दोन भाषांमुळे गोंधळ होतोय, घरी मराठी बंद करा’ असा सल्ला कुणी दिला तर तो मानू नका. दोन भाषा बोलल्याने डिस्लेक्सिया होत नाही. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात असे आढळले, की ज्या स्पॅनिश भाषक मुलांना स्पॅनिश शब्दांतले ध्वनी चांगले ओळखता येत, त्यांना इंग्रजी शब्द वाचणेही लवकर जमे. ध्वनी ओळखण्याचे कौशल्य एका भाषेतून दुसरीत जाते. आपल्याकडे तर हा खेळ पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. गाण्यांच्या किंवा गावांच्या नावांच्या भेंड्या म्हणजे दुसरे काय? शेवटचे अक्षर पकडायचे आणि तिथून नवा शब्द काढायचा. ‘कमळ’ मधला ‘क’ काढला तर काय उरते, असा खेळ गाडीत बसल्या बसल्या खेळता येतो, आणि त्याला एक सेंटही लागत नाही.

सॉफ्टवेअरचे तीन प्रकार

बाजारात नावे शंभर असली, तरी कामावरून पाहता प्रकार तीनच आहेत. जाहिरात वाचताना आधी हा आपल्यापुढचा प्रोग्रॅम कोणत्या प्रकारचा, हे ओळखावे.

१. अक्षर आणि ध्वनी यांची सांगड घालणारे. या पद्धतीचे मूळ कॉम्प्युटरच्या फार आधीचे आहे. डॉ. सॅम्युअल ऑर्टन यांनी १९२५ च्या सुमारास आयोवात अशा मुलांचा अभ्यास केला आणि अॅना गिलिंगहॅम या शिक्षिकेने १९३० च्या दशकात त्यावरून शिकवण्याची क्रमवार पद्धत बसवली. एका वेळी एक ध्वनी, तो डोळ्यांनी पाहायचा, कानांनी ऐकायचा, तोंडाने म्हणायचा, हाताने लिहायचा, आणि पक्का झाल्याशिवाय पुढे जायचे नाही. लेक्सिया ही १९८४ साली मॅसॅच्युसेट्समध्ये निघालेली कंपनी किंवा फिनलंडमधील युवास्कुला विद्यापीठातला ‘ग्राफोगेम’ हे याच जातीचे. ही कामे यंत्राला छान जमतात. प्रोग्रॅम कंटाळत नाही, रागावत नाही, कोणता ध्वनी किती वेळा चुकला याची नोंद ठेवतो आणि तोच उद्या पुन्हा विचारतो.

त्याचा उपयोग किती, याची उत्तरे मात्र नीट वाचायला हवीत. जोसेफ टॉर्गेसेन आणि सहकाऱ्यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात डिस्लेक्सियाचा धोका असलेल्या पहिलीतल्या ११२ मुलांचा समावेश होता. त्यांच्यातल्या दोन गटांना तीन-तीनच्या तुकड्यांत, आठवड्यातून चार वेळा ५०-५० मिनिटे, ऑक्टोबर ते मे शिकवले. शिक्षकांचे शिकवणे आणि त्याला जोडून कॉम्प्युटरवर सराव, अशी योजना होती. ही मुले इतरांच्या पुढे गेली आणि दुसरीच्या शेवटीही फरक टिकून होता. याउलट ग्राफोगेमवरचे अनेक अभ्यास एकत्र करून २०२० साली जो आढावा आला, त्यात शब्दवाचनावर सरासरी परिणाम जवळजवळ शून्य दिसला. पण ज्या अभ्यासांत मोठे माणूस मुलाशेजारी बसून मदत करत होते, तिथे फायदा चांगला होता. तेव्हा प्रोग्रॅम विकत घेताना शेजारी बसायला आपण रोज वीस मिनिटे देणार आहोत का, याचाही हिशेब करावा.

२. मेंदू ‘घडवण्याचे’ आश्वासन देणारे. यातले सर्वांत गाजलेले नाव फास्ट फॉरवर्ड. कॅलिफोर्नियातील मायकेल मर्झेनिक आणि न्यू जर्सीतील रटगर्स विद्यापीठाच्या पॉला टलाल यांनी १९९६ साली ‘सायन्स’मध्ये निबंध प्रसिद्ध केले. काही मुलांना झटपट बदलणारे ध्वनी पकडता येत नाहीत, म्हणून बोलणे कॉम्प्युटरने ताणून, सावकाश करून ऐकवायचे आणि हळूहळू वेग वाढवायचा, ही कल्पना. ती हुशारीची होती, पण त्या प्रयोगांतली मुले मोजकीच होती आणि त्यांची अडचण मुख्यतः बोली भाषेची होती. त्याच वर्षी कंपनी निघाली आणि प्रोग्रॅम देशभर विकला गेला. पुढे सिसिलिया राउझ आणि अॅलन क्रूगर या अर्थशास्त्रज्ञांनी एका शहरी शाळाजिल्ह्यात चिठ्ठ्या टाकून गट पाडले आणि तपासले. २००४ साली आलेला निष्कर्ष असा, की भाषेच्या काही अंगांत थोडी सुधारणा दिसली तरी ती प्रत्यक्ष वाचनात उतरली नाही. २०११ साली ब्रिटिश संशोधकांनी सर्व चांगले अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हाही वाचनावर परिणाम झाल्याचा पुरावा मिळाला नाही.

३. वाचून दाखवणारे. हे वाचायला शिकवत नाहीत, मुलासाठी वाचतात. रे कुर्झवाइल यांनी १९७६ साली अंधांसाठी छापील मजकूर मोठ्याने वाचणारे यंत्र बनवले. आज तेच काम प्रत्येक फोनमध्ये होते. बुकशेअर हा ग्रंथसंग्रह २००२ साली कॅलिफोर्नियात सुरू झाला आणि २००७ मध्ये केंद्र सरकारच्या अनुदानामुळे तो पात्र विद्यार्थ्यांना मोफत झाला. डिस्लेक्सियाचे विद्यार्थी त्यात मोडतात. लर्निंग अॅली ही १९४८ साली अंध सैनिकांसाठी सुरू झालेली संस्था माणसांच्या आवाजातली पुस्तके देते.

आपल्याकडे पालक याला बिचकतात. ‘ऐकूनच काम झाले तर वाचायला शिकेल कशाला?’ असे वाटते. पण सातवीतल्या मुलाचे वाचन तिसरीचे आणि समज सातवीची असेल, तर विज्ञानाच्या पुस्तकापासून त्याला किती वर्षे लांब ठेवायचे? वाचनाचा तास वेगळा चालू ठेवावा आणि बाकीचे विषय ऐकून शिकू द्यावेत. इंग्रजीतली पुस्तके ऐकावीत, आणि आजीने ‘किशोर’ मासिकातली गोष्ट वाचून दाखवली तर तीही ऐकावी. शब्दसंग्रह दोन्हींनी वाढतो.

घरी शिकवताना एक आपली खास अडचण

आपला ‘क’ म्हणजे खरे तर ‘क्’ अधिक ‘अ’. प्रत्येक व्यंजनात आपण नकळत ‘अ’ मिसळतो. त्यामुळे मुलाला ‘कॅट’ फोडून सांगताना आपण ‘क-अॅ-ट’ म्हणतो, आणि त्याच्या कानाला ते ‘कअ-अॅ-टअ’ ऐकू येते. ते जोडून ‘कॅट’ कसे होणार? अक्षराचा पाय मोडून, ‘क्, अॅ, ट्’ असे तुटक म्हणावे. तसेच ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ हे दोन्ही आपल्या तोंडी ‘व’ होतात. चांगल्या प्रोग्रॅमचा इथे खरा उपयोग आहे. इथल्या शाळेत चालतो तसा उच्चार तो हजार वेळा न चुकता ऐकवतो. आपणही मुलाबरोबर ऐकावे, त्यात कमीपणा नाही.

आधी शाळेचे दार

विकतचे काही घेण्याआधी जे हक्काचे आहे ते घ्यावे. १९७५ च्या केंद्रीय कायद्याने, ज्याला १९९० पासून ‘आयडिया’ म्हणतात, अक्षमता असलेल्या मुलाची तपासणी आणि गरजेनुसार खास शिक्षण सार्वजनिक शाळेत विनामूल्य मिळण्याची सोय केली आहे. त्यातल्या अध्ययन-अक्षमतेच्या व्याख्येत डिस्लेक्सियाचे नाव स्पष्ट आहे. पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात:

• विनंती लेखी करावी आणि तारीख घालून प्रत ठेवावी. ‘माझ्या मुलाची विशेष शिक्षणासाठी पूर्ण तपासणी व्हावी’ एवढे पुरे. तोंडी बोलण्याला पुरावा राहत नाही.

• आपण लेखी संमती दिल्यापासून ६० दिवसांत तपासणी व्हायला हवी. काही राज्यांनी आपली मुदत वेगळी ठरवली आहे. नकार द्यायचा तर शाळेने तो कारणांसह लेखी दिला पाहिजे.

• ‘आधी काही महिने वेगळ्या गटात घालून पाहू’ असे सांगून तपासणी लांबवता येत नाही, हे शिक्षण खात्याने २०११ साली कळवले आहे. ‘डिस्लेक्सिया हा शब्द आम्ही वापरत नाही’ असेही ऐकू येते. तो वापरायला कायद्याची मनाई नाही, असे पत्र खात्याने २०१५ मध्ये काढले.

• शाळेची तपासणी पटली नाही, तर सार्वजनिक खर्चाने बाहेरच्या तज्ज्ञाकडून स्वतंत्र तपासणी मागता येते. शाळा त्यावर सुनावणीही मागू शकते.

• मूल पात्र ठरले तर त्याची लेखी योजना बनते, तिला ‘आयईपी’ म्हणतात. त्यात कोणती पद्धत, आठवड्यातून किती मिनिटे आणि कोण शिकवणार, हे स्पष्ट मागावे. ‘लॅपटॉपवर वाचनाचा प्रोग्रॅम’ एवढेच लिहिले असेल, तर शिक्षक कुठे आहे हे विचारावे. आयईपीला पात्र नसलेल्या मुलालाही १९७३ च्या कायद्याच्या कलम ५०४ खाली जादा वेळासारख्या सवलती मिळू शकतात.

शिक्का बसेल, कॉलेजला अडचण येईल, ही भीती आपल्या लोकांत फार आहे. १९७४ च्या कायद्यानुसार, मोजके अपवाद सोडता, शाळेचे रेकॉर्ड पालकांच्या लेखी संमतीशिवाय बाहेर देता येत नाही. उलट पुढे एसएटीसारख्या परीक्षेत जादा वेळ मागताना हीच कागदपत्रे उपयोगी पडतात. ‘तारे जमीं पर’ हा चित्रपट २००७ साली आपण सर्वांनी डोळे पुसत पाहिला, पण तसे मूल घरात असले की आपणच ‘कुणाला सांगू नका’ म्हणतो.

पैशांचा हिशेब

आयआरएसच्या ५०२ क्रमांकाच्या पुस्तिकेनुसार, डॉक्टरांच्या शिफारशीवरून, अध्ययन-अक्षमता असलेल्या मुलांसाठी खास प्रशिक्षण घेतलेल्या शिक्षकाला दिलेली ट्यूशन फी वैद्यकीय खर्चात धरता येते. वजावट मात्र अॅडजस्टेड ग्रॉस इन्कमच्या ७.५ टक्क्यांवरच्या खर्चालाच आणि आयटमाइझ केले तरच मिळते. म्हणून बहुतेक कुटुंबांना एफएसए किंवा एचएसए खात्यातून खर्च करणे अधिक सोयीचे. नुसत्या सॉफ्टवेअरचा खर्च चालेल असे गृहीत धरू नये. डॉक्टरांचे पत्र घेऊन खात्याच्या व्यवस्थापकांना आधी विचारावे. जुलै २०२५ च्या केंद्रीय कायद्याने ५२९ खात्यातल्या पैशांतून शालेय वयातही पात्र ट्यूटर, ऑनलाइन शैक्षणिक साहित्य आणि अक्षम मुलांसाठी परवानाधारकांची थेरपी यांवर खर्च करण्याची मुभा दिली आहे. ट्यूटर नात्यातला नसावा. राज्याच्या कराचे नियम वेगळे असू शकतात, म्हणून सीपीएला विचारून घ्यावे.

जाहिरातींबाबत एक उदाहरण पुरे. ‘मेंदूचे खेळ’ विकणाऱ्या ल्युमॉसिटीच्या कंपनीने शाळेत आणि कामात प्रगती होते असे दावे केले होते. त्यांना पुरेसा आधार नसल्याच्या आरोपावरून फेडरल ट्रेड कमिशनबरोबर २०१६ साली तिला २० लाख डॉलर भरून तडजोड करावी लागली.

घेण्यापूर्वी पाच प्रश्न

१. हा प्रोग्रॅम वरच्या तीनपैकी कोणत्या प्रकारचा? मला नेमके काय हवे आहे?

२. मूल शब्द मोठ्याने वाचते किंवा टाइप करते, की नुसते चित्रावर क्लिक करते? तीन पर्यायांचा प्रश्न असेल, तर डोळे मिटून क्लिक केले तरी सरासरी तिसरा हिस्सा बरोबर येतो.

३. अभ्यास कुणी केला? विकणाऱ्या कंपनीने की बाहेरच्यांनी? तुलनेसाठी दुसरा गट होता का?

४. रोज किती वेळ, किती महिने, आणि शेजारी कोण बसणार?

५. पैसे परत मिळतात का, आणि दरमहा आपोआप कापले जाणारे वर्गणीचे पैसे कसे थांबवायचे?

प्रोग्रॅम घेतलाच, तर स्क्रीनवरच्या स्कोअरवर विसंबू नका. तो स्कोअर प्रोग्रॅमने स्वतःच स्वतःला दिलेले मार्क आहेत. मूल खेळात तरबेज होते आणि पुस्तकात तिथेच राहते, असे घडू शकते. आठवड्यातून एकदा, मुलाने आधी न पाहिलेला, त्याच्या पातळीचा एक छापील उतारा घ्यावा. एक मिनिट मोठ्याने वाचून घ्यावे, बरोबर वाचलेले शब्द मोजावेत आणि कॅलेंडरवर लिहावेत. एखाद्या आठवड्यात आकडा खाली आला तरी घाबरू नये. पण दोन-अडीच महिन्यांत तो हललाच नाही, तर प्रोग्रॅम बदलायचा की शिकवणारा, याचा शाळेबरोबर बसून विचार करावा. आणि तोच कागद आयईपीच्या बैठकीला घेऊन जावा.

वेगाबद्दल थोडा धीर धरावा लागतो. टॉर्गेसेन यांनीच २००१ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात आठ ते दहा वर्षांच्या ६० मुलांना प्रत्येकी साडेसदुसष्ट तास एकेकट्याने शिकवले होते. त्यांचे वाचन अचूकतेत सरासरीच्या जवळ आले आणि पुढची दोन वर्षे टिकले, पण वेग मागेच राहिला. अशा मुलांना पुढेही जादा वेळ लागतो आणि तो मागण्यात गैर काही नाही. पहिली-दुसरीत सुरुवात केली तर वेगाची ही दरी कमी राहते. म्हणून तिसरीपर्यंत ‘येईल हळूहळू’ म्हणत थांबू नये. आपल्या मुलाबद्दल मनात शंका असेल, तर शाळेला द्यायचे ते चार ओळींचे पत्र या आठवड्यातच लिहावे.